'चालू आहे' लिहिलेल्या रकान्याचं काय करायचं?

माझ्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना होता: 'फिस्टुला किती दिवस चालला'. बहुतेक ओळींत आकडे होते आणि मधूनच, सिस्टरांच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलेलं, 'चालू आहे'. सॉफ्टवेअरने रकान्यात मजकूर दिसताच गणित करायला नकार दिला. मी फिल्टर लावला, 'चालू आहे' असलेल्या सगळ्या ओळी बाजूला काढल्या आणि उरलेल्यांवर रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं गणित, चालवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. त्या पाच मिनिटांत मी नेमकं काय बिघडवून ठेवलं होतं, हे समजायला पुढचं वर्ष गेलं.

फिस्टुला म्हणजे काय ते आधी सांगते. हिमोडायलिसिससाठी, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्यासाठी, हातातली एक रोहिणी आणि एक नीला शस्त्रक्रियेने जोडतात. रोहिणीतलं जोराचं रक्त आत आल्यावर नीला हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग तिच्यात दर वेळी दोन सुया टोचता येतात. एखाद्याचा फिस्टुला वर्षानुवर्षं साथ देतो, एखाद्याचा महिन्याभरात गुठळी होऊन बंद पडतो. कुणाचा लवकर बंद पडतो, हा माझा प्रश्न. वय, मधुमेह, जोड मनगटाशी केला की कोपराशी, आणि शस्त्रक्रियेनंतर सांगतात तो मऊ चेंडू दाबायचा व्यायाम रुग्णाने केला की नाही, एवढी माहिती हाताशी होती.

संख्याशास्त्राची माझी शिदोरी म्हणजे 'पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आली की आनंद'. त्यामुळे सुरुवात साध्या रेषेपासून केली. गाल्टनने १८८६ साली २०५ कुटुंबांतल्या ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिल्या. फार उंच आईबापांची मुलं सरासरीकडे थोडी सरकलेली दिसतात, त्या मागे सरकण्याला त्याने दिलेलं 'रिग्रेशन' हे नाव आज कुठल्याही रेषेला चिकटलंय. नाव फसवं आहे. गणित त्याहून जुनं, लजांद्रने १८०५ साली छापलेल्या लघुतम वर्गांच्या पद्धतीचं: रेषेपासून बिंदूंच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल अशी रेषा काढायची. ते मला दोन दिवसांत जमलं. उत्तर वाचायला मात्र फार वेळ लागला.

पहिली ठेच लागली ती 'इंटरसेप्ट'ला, म्हणजे बाकी सगळं शून्य असताना येणाऱ्या उत्तराला. वय शून्य असताना रक्तदाब किती, असलं काहीतरी मॉडेल सांगत होतं, आणि मी त्याचा अर्थ लावत बसले होते. नवजात बाळ माझ्या डेटात नव्हतंच! प्रत्येक वयातून ६० वजा केले, तेव्हा तो आकडा साठीतल्या माणसाचा झाला आणि बोलायला लागला. दुसरी ठेच वयाचीच. सोयीसाठी मी वयाचे दोन गट पाडले होते, साठच्या आत आणि साठच्या वर. तसं केलं की ५९ चा आणि ६१ चा माणूस एकमेकांना परके होतात, आणि ६१ चा व ८५ चा सख्खे भाऊ. एवढी चांगली मोजलेली माहिती आपणच हाताने भरडून टाकायची, आणि वर तक्ता सुटसुटीत दिसतो म्हणून खूश व्हायचं. अजूनही शोधनिबंधांत असे गट दिसले की मी आधी दुसरं काही वाचत नाही, तसे गट पाडण्याचं कारण कुठे दिलंय ते शोधते.

मग लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे उत्तर 'बिघडला की नाही' एवढंच असतं तेव्हाचं. इथे मी ऑड्स रेशोला जोखमीचं गुणोत्तर समजून मोकळी झाले होते. 'मधुमेहींमध्ये धोका सव्वादोन पट' असं वाक्य लिहूनही टाकलं. नंतर कागदावर मांडलं. समजा, एका गटात शंभरातले ६० बिघडले, दुसऱ्यात ४०. जोखीम दीडपट, कारण ६० भागिले ४०. पण ऑड्स म्हणजे बिघडलेले भागिले न बिघडलेले. पहिल्या गटात ६० ला ४०, म्हणजे १.५. दुसऱ्यात ४० ला ६०, म्हणजे ०.६७. त्यांचा भागाकार २.२५. दोन्ही आकडे खरे, पण 'धोका इतके पट' म्हणताना वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला असतो आणि मी लिहिला होता दुसरा. घटना विरळ असेल, शंभरात एखाद-दुसरी, तर दोन्ही जवळजवळ सारखेच येतात. फिस्टुला बंद पडणं काही विरळ नाही.

एवढी तयारी करून मी ते पाच मिनिटांतलं रिग्रेशन संख्याशास्त्राच्या मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी निकालाकडे पाहिलंही नाही. शीट उघडली, फिल्टर काढला.

"या ओळी कुणाच्या?"

"ज्यांचा फिस्टुला अजून बंद पडला नाही त्यांच्या, मॅडम. त्यांचे दिवस माहीतच नाहीत ना."

"म्हणजे सगळ्यात चांगले चालले ते तू काढून टाकलेस, आणि 'फिस्टुला किती टिकतो' हे उरलेल्यांना विचारलंस."

मी म्हटलं, मग आजच्या तारखेपर्यंतचे दिवस भरते. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते सगळे आज बंद पडले असं धरणार?" आणि त्यांनी मला एका कागदावर एकवीस आकडे लिहून दिले. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ही अट.

६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+.

हे आकडे या विषयात प्रसिद्ध आहेत. फ्रायराइख आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या तीव्र ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) चाचणीत ४२ रुग्ण होते. रोग आटोक्यात आल्यावर २१ जणांना ६-मरकॅप्टोप्युरिन हे औषध आणि २१ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी. रोग किती आठवड्यांनी उलटला, ते हे आकडे सांगतात. अधिकचं चिन्ह म्हणजे तोवर उलटला नव्हता, पुढचं ठाऊक नाही. माझं 'चालू आहे' ते हेच! त्याला सेन्सॉरिंग म्हणतात, आणि चित्रपटातल्या कात्रीशी त्याचा तसा काही संबंध नाही.

आधी माझ्या दोन्ही युक्त्या त्या कागदावर चालवून पाहिल्या. चिन्हवाले बारा फेकले, तर उरलेल्या नऊंची सरासरी १२.१ आठवडे. चिन्ह पुसून सगळे उलटले असं धरलं, तर १७.१. प्लासिबो गटात सगळ्यांचाच रोग उलटला होता, सरासरी ८.७. म्हणजे माझ्या पद्धतीने औषधाचा फायदा जेमतेम साडेतीन आठवडे निघत होता.

मग मॅडमनी सांगितलं तसं केलं. प्रत्येक आठवड्याला एकच प्रश्न: आज रांगेत किती जण उभे आहेत, आणि त्यांतले किती पडले, म्हणजे कितींचा रोग उलटला? सहाव्या आठवड्याला २१ उभे, ३ पडले. टिकले २१ पैकी १८, म्हणजे ०.८५७. त्याच आठवड्यात एक जण नजरेआड झाला, म्हणून सातव्याला रांगेत १७. एक पडला, ०.८५७ गुणिले १६/१७, म्हणजे ०.८०७. नवव्याला कुणी पडलं नाही, एक नजरेआड, म्हणून आकडा तोच आणि रांग १५ ची. दहाव्याला एक पडला: गुणिले १४/१५, ०.७५३. असं करत तेराव्याला ०.६९०, सोळाव्याला ०.६२७, बाविसाव्याला ०.५३८ आणि तेविसाव्याला ०.४४८. निम्म्याच्या खाली आला तो तेविसाव्या आठवड्यात, म्हणून मध्यक, म्हणजे निम्म्यांचा रोग उलटेपर्यंतचा काळ, २३ आठवडे. प्लासिबोचा ८.

साडेतीन आठवड्यांचा फरक आणि पंधरा आठवड्यांचा फरक. तेच रुग्ण, तेच औषध.

त्या गुणाकारांतून मला जे दिसलं ते कुठल्याही व्याख्येतून दिसलं नव्हतं. नजरेआड झालेला माणूस वाया जात नाही. तो जितके आठवडे रांगेत उभा होता, तितके आठवडे भाजकात बसून आपलं काम करतो आणि मग मुकाट बाजूला होतो. 'पुढे काय झालं ते माहीत नाही' याचा अर्थ 'काहीच माहीत नाही' असा नसतो. अट एकच: तो ज्या कारणाने रांगेतून गेला त्याचा पडण्याशी संबंध नसावा.

ही पद्धत कापलान आणि मायर यांची, १९५८ ची. त्या दोघांनी ती एकत्र बसून काढली नव्हती. कापलान बेल प्रयोगशाळेत होते, त्यांना समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतात ते हवं होतं. मायर यांच्यापुढे रुग्ण होते. दोघांनी स्वतंत्र लेख एकाच नियतकालिकाकडे पाठवले, संपादकांनी दोन्ही मिळून एक करा म्हणून सांगितलं, आणि पत्रापत्रीत चार वर्षं गेली. नळी आणि माणूस यांना एकच गणित लागू पडतं, हे मला आधी जरा खटकलं होतं. फिस्टुला तर या दोघांच्या मधलाच म्हणायचा.

किती टिकले याचा वक्र काढता आला, पण वय, मधुमेह, जागा हे सगळं एकदम कसं बघायचं? तिथे कॉक्स येतात. डेव्हिड कॉक्स हे उमेदीच्या काळात लोकर उद्योगाच्या संशोधनसंस्थेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा लेख १९७२ चा. सूत्र पाहून माझे हातपाय गळाले होते, म्हणून पुन्हा त्याच कागदावर गेले. दहावा आठवडा घेतला. त्या दिवशी औषध गटातले १५ आणि प्लासिबो गटातले ८ रांगेत, एकूण २३. एक जण पडला, तो औषध गटातला होता. औषधाने काहीच फरक पडत नसेल, तर पडणारा औषध गटातला असण्याची शक्यता २३ त १५. पण प्लासिबोवाल्यांचा त्या क्षणीचा धोका पाचपट असेल, तर त्यांचे आठ हे चाळीसांच्या भाराचे, म्हणून शक्यता ५५ त १५. प्रत्येक पडण्याला असाच प्रश्न विचारायचा: रांगेतल्या इतक्या जणांतून हाच का? आणि सगळ्या उत्तरांशी मिळून सगळ्यात जास्त जुळेल असा 'पट' शोधायचा. या चाचणीत तो ४.५ ते ४.८ येतो, एकाच आठवड्यात पडलेल्यांचा हिशेब सॉफ्टवेअर कसा करतं त्यानुसार. गंमत म्हणजे दहाव्या आठवड्यात मुळात धोका किती होता, हे कुठे लागलंच नाही. वर-खाली दोन्हीकडे असल्याने ते छेद जाऊन उडालं. हॅझार्ड रेशो हाच. 'पाचपट लवकर' नाही, 'पाचपट जणांना' नाही. अजून उभ्या असलेल्यांमध्ये, त्या त्या क्षणी, पाचपट.

इतकं कळल्यावर 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. त्यातल्या सर्व्हायव्हल पॅकेजात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२८ रुग्णांचा डेटा सरावाला असतो. पुरुषांचा मध्यक २७० दिवस, स्त्रियांचा ४२६, पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचा हॅझार्ड रेशो ०.५९. हे आकडे माझ्या पडद्यावर जुळले तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले. मग उत्साहात मॉडेलमध्ये आणखी रकाने घातले, जेवणातल्या कॅलरींचा सुद्धा. त्या रकान्यात ४७ जणांची माहिती नाही. त्यांच्या ओळी मॉडेलमधून गळतात, आणि खाली बारीक अक्षरात तसं छापूनही येतं. मी ते वाचलं नव्हतं. दोन वेगवेगळ्या जमावांची उत्तरं मी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करत होते.

स्वतःच्या डेटावर बसले, आणि पहिल्याच दिवशी निकाल आला की मधुमेहींचे फिस्टुला जास्त टिकतात. अनपेक्षित, म्हणून जास्तच आवडला. त्याची कारणमीमांसा अर्धं पान लिहूनही झाली. दोन दिवसांनी वक्र काढला तर शेवटाकडे तो कड्यावरून पडावा तसा कोसळत होता. मग लक्षात आलं. माझ्या शीटमध्ये 'चालू' ला १ आणि 'बंद' ला ० लिहिलं होतं. सॉफ्टवेअर १ म्हणजे घटना घडली असं धरतं. मी 'चालू असणं' हा आजार समजून त्याची कारणं शोधत होते. त्या पॅकेजातल्याच फुप्फुसाच्या डेटात मृत्यूला २ आणि सेन्सॉरला १ आहे, म्हणजे प्रत्येकाचा रिवाज निराळा. ते अर्धं पान मी अजून ठेवलंय. कुठल्याही निकालाला मला कारण सुचू शकतं, हे ते वाचलं की आठवतं.

आकडे उलटे करून घेतल्यावर चेंडूचा व्यायाम चमकायला लागला. वहीत 'तीन महिने व्यायाम पूर्ण' अशी खूण होती. खूणवाल्यांचे फिस्टुला इतके जास्त टिकत होते की एवढ्या साध्या चेंडूने हे होत असेल तर बाकी सगळे उपाय बंद करावेत. मॅडमनी वक्र पाहिला. खूणवाल्यांची रेषा पहिले तीन महिने छतासारखी सपाट होती. एकही बंद नाही.

"ज्याचा फिस्टुला पाचव्या आठवड्यात बंद पडला, त्याला तीन महिने व्यायाम पूर्ण करता येईल का?"

नाही येणार. तो आपोआप 'व्यायाम अपूर्ण' गटात जाणार. मी व्यायामवाल्यांना तीन महिन्यांचं अमरत्व बहाल केलं होतं, आणि मग ते मरत नाहीत याचं कौतुक करत होते. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात. स्टॅनफर्डच्या हृदयरोपणाच्या सुरुवातीच्या तुलनांमध्ये हेच झालं होतं. रोपण झालेले जास्त जगले असं दिसत होतं, पण हृदय मिळेपर्यंत जिवंत राहिला तोच रोपण गटात जाऊ शकत होता. मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये ते दाखवून दिलं. तो डेटाही पॅकेजात आहे, १०३ रुग्ण, त्यांतले ६९ रोपण झालेले. त्यात एका माणसाच्या दोन ओळी असतात: रोपणाआधीचे दिवस 'रोपण नाही' या खात्यात, नंतरचे 'रोपण' या खात्यात. मी माझ्या प्रत्येक खूणवाल्या रुग्णाची ओळ अशीच तीन महिन्यांवर चिरली. हाताने. एक आठवडा गेला, कारण काहींच्या बाबतीत व्यायाम पूर्ण झाल्याची तारीखच नव्हती आणि जुने केसपेपर काढावे लागले. चिरून झाल्यावर व्यायामाची चमक बरीचशी गेली. हॅझार्ड रेशो एकच्या जरा खाली, आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) एकच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला.

वाटलं, आता संपलं. मी डायलिसिसच्या सिस्टरांना वक्र दाखवायला नेला, कारण वही त्यांची. त्यांनी चष्मा लावून पाहिला. पहिला महिना इतका चांगला कसा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहीत तसंच आहे.

"डॉक्टर, वहीत आम्ही पहिली सुई टोचली त्या दिवसापासून लिहितो. जे फुगलेच नाहीत, ज्यांना कधी सुईच लागली नाही, ते आमच्याकडे येतच नाहीत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळं कापलान, कॉक्स, चिरलेल्या ओळी, आणि शून्य दिवसच चुकीचा. शस्त्रक्रिया हा शून्य दिवस असेल तर सगळ्यात लवकर मेलेले फिस्टुला माझ्या शीटमध्ये जन्मालाच आले नव्हते. पहिली सुई हा शून्य दिवस धरला तर गणित बरोबर आहे, पण मग प्रश्न बदलतो: 'फिस्टुला किती टिकतो' हा नाही, 'एकदा वापरात आलेला फिस्टुला किती टिकतो' हा. सर्जनला पहिला हवा असतो, सिस्टरांना दुसरा. कुठलाही कोर्स मला हे सांगू शकला नसता, ते त्या वहीशी बसणाऱ्या बाईलाच ठाऊक होतं.

शस्त्रक्रियागृहाची नोंदवही वेगळी होती. दोन्ही जुळवायला आणखी दोन महिने गेले. त्यात पूर्ण काळासाठी हॅझार्ड रेशो एकच धरणंही अडचणीत आलं. जागेचा परिणाम पहिल्या काही आठवड्यांत एक आणि नंतर वेगळाच दिसत होता, दोन वक्र एकमेकांना छेदत होते. हा रेशो काळानुसार बदलतो का ते तपासणारी शोएनफेल्ड अवशेषांची चाचणीही तेच म्हणाली. मी काळाचे दोन तुकडे करून दोन वेगळे आकडे दिले. तक्ता लांबला, पण त्यात खोटं काही राहिलं नाही.

एका गोष्टीवर मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ज्या रुग्णाचं मूत्रपिंडरोपण झालं किंवा जो चालू फिस्टुला घेऊनच वारला, त्याला मी आधी सरळ सेन्सॉर केलं होतं. पण सेन्सॉर करणं म्हणजे 'रांगेत राहिला असता तर बाकीच्यांसारखाच वागला असता' असं म्हणणं, आणि वारलेल्याचा फिस्टुला पुढे कधीच बंद पडणार नसतो. कापलान-मायर उलटं करून, म्हणजे टिकण्याचा आकडा एकातून वजा करून, 'इतक्यांचे बंद पडतील' म्हटलं, तर तो आकडा फुगतो. मृत्यूला वेगळी, स्पर्धक घटना मानून मोजायला हवं, इथवर आमचं एकमत आहे. रोपण झालेल्याचं काय, यावर नाही. मॅडम म्हणतात, तोही स्पर्धक. माझं म्हणणं, रुग्णाला विचारलं तर तो सांगेल की त्याला आता फिस्टुलाची गरजच नाही, आणि प्रश्न कारणांचा असेल तर कॉक्समध्ये त्याला सेन्सॉर करायला हरकत नसावी. परवा त्यांनी दोन्ही तऱ्हांनी मोजून आण म्हणून सांगितलं. सिस्टरांनी दरम्यान वहीत शस्त्रक्रियेच्या तारखेचा रकाना पट्टीने आखून घेतलाय, आणि 'चालू आहे' च्या पुढे शेवटचं पाहिलं ती तारीख लिहायला लागल्या आहेत.